बैठकीच्या भिंतीवर जॅझ : जुने कृष्णधवल फोटो कोणते, कुठून आणि कसे लावावेत?

ओसरी

नमस्कार मंडळी,

पुण्यात नव्या घराचा ताबा मिळालाय. बैठकीत सोफ्यामागची भिंत लांबलचक आहे आणि सध्या पूर्ण मोकळी आहे. रंग पांढऱ्याकडे झुकणारा. तिथे मला १९४०-५० च्या काळातल्या जॅझ कलाकारांचे कृष्णधवल फोटो लावायचे आहेत. रात्री सगळं आवरल्यावर मी हेच संगीत ऐकत बसते. नवरा तबला वाजवतो, त्यालाही ड्रम्सच्या वाटेने गोडी लागली आहे.

अडचण अशी की, दुकानांत आणि ऑनलाइन जे मिळतं ते सगळं एका छापाचं. कॅनव्हासवर सॅक्सोफोन वाजवणारी काळी सावली, मागे उंच इमारती. माणूस कोण, ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मला अशी सावली नकोय. ज्यांचा आवाज रोज या खोलीत असतो, तीच माणसं भिंतीवर हवी आहेत.

तर फोटो कोणते निवडावेत, चांगल्या प्रतीचे प्रिंट मिळण्याचा रीतसर मार्ग कोणता, आणि एवढ्या मोठ्या भिंतीवर मांडणी कशी करावी? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज.

गवाक्ष

मस्त विषय. वाचतोय.

खर्ज

ओसरी, तुमची सुरुवात विल्यम गॉटलीबपासून व्हावी असं मनापासून वाटतं.

हा माणूस मुळात लेखक. वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅझवर सदर लिहायचा. पेपर वेगळा छायाचित्रकार द्यायला तयार नव्हता, म्हणून याने स्वतःच स्पीड ग्राफिक कॅमेरा घेतला आणि फोटो काढायला शिकला. पुढे 'डाउन बीट' मासिकासाठी न्यूयॉर्कचे क्लब पालथे घातले. फिल्म आणि फ्लॅशचे बल्ब महाग, त्यामुळे एका रात्रीत मोजकेच फोटो निघायचे. आधी ऐकायचं, वाजवणारा कुठल्या क्षणी खुलतो ते हेरायचं आणि मग बटण दाबायचं. ऐकणाऱ्या माणसाने काढलेले फोटो आहेत हे बघताक्षणी कळतं.

हे सगळं काम साधारण १९३८ ते १९४८ या दहा वर्षांतलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचे सोळाशेच्या वर फोटो विकत घेतले आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे १६ फेब्रुवारी २०१० पासून ते सार्वजनिक मालकीचे झाले. लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोठ्या टिफ फाइल (न दाबलेली, छपाईला योग्य चित्रं) फुकट उतरवून घेता येतात. घरात लावायला कुणाची परवानगी नको, कुणाला पैसे द्यायला नकोत.

माझी पहिली पसंती : एला फिट्झजेराल्ड, डाउनबीट क्लब, सप्टेंबर १९४७. एला गातेय आणि शेजारी ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी तिच्याकडे असा काही बघतोय की बाकी सगळं विसरून जावं. मागे बास (उभं, मोठं तंतुवाद्य) घेऊन रे ब्राउन उभा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात एला आणि रे ब्राउनचं लग्न झालं. डिझीचं ते बघणं बघा आणि मग रे ब्राउनकडे बघा!

नाचणी

खर्ज, शेवटच्या वाक्यासाठी फोटो शोधून पाहिला. 😄 डिझी खरोखर भान हरपून बघतोय. पण तो रुंद हसरा चेहरा पाहून घरात प्रसन्न वाटेल हे नक्की.

रीळ_३५

पूर्वी डार्करूममध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून छपाईबद्दल लिहितो.

१. फाइल कितीही चांगली असू द्या, कोपऱ्यावरच्या रंगीत लॅबमध्ये रंगीत कागदावर कृष्णधवल फोटो छापून घेऊ नका. राखाडी छटांमध्ये हिरवट किंवा जांभळट झाक येते. दुकानात कळत नाही. घरी पांढऱ्या भिंतीवर लावला की लगेच डोळ्यांत खुपते.

२. 'आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट' (टिकाऊ रंगकणांच्या शाईचा प्रिंट) असंच मागा. कागद मॅट कॉटन किंवा बरायटा (डार्करूमच्या जुन्या कागदासारखा). बरायटावर काळा रंग खोल उतरतो, जुन्या सिल्व्हर प्रिंटच्या जवळ जातो. या फोटोंचं सगळं बळ काळ्या रंगात आहे. काळा फिका पडला की क्लबचा अंधार जातो आणि नुसती धुरकट खोली उरते.

३. मापाचा हिशोब : इंचाला ३०० ठिपके धरा. १२ बाय १५ इंचांच्या प्रिंटला ३६०० बाय ४५०० पिक्सेल लागतात. २०० पर्यंतही चालून जातं, कारण सोफ्यामागची भिंत कुणी नाक लावून बघत नाही.

४. सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातल्या तयार फ्रेम १२ बाय १८ च्या असतात, म्हणजे आजच्या कॅमेऱ्यांच्या प्रमाणात. त्या काळच्या मोठ्या निगेटिव्हचं प्रमाण आखूड, चौकोनाकडे झुकणारं. फ्रेमवाला 'बसवून देतो' म्हणतो आणि वर-खाली कापून मोकळा होतो. एलाच्या त्या फोटोत असं कापलंत तर जाईल काय? रे ब्राउनचा बास. फोटो अख्खा ठेवा, उरलेली जागा माउंटने, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने भरा.

झुंबर

घरसजावटीचं काम करते, त्या बाजूने थोडं.

लांब भिंतीवर एकसारखे सहा-आठ फोटो ओळीत लावले तर ऑफिसचा कॉरिडॉर वाटतो. एक मोठा फोटो मध्यापासून थोडा बाजूला, त्याच्याभोवती तीन-चार मध्यम आणि दोन-तीन छोटे, असं करा. फ्रेम सगळ्या एकाच पट्टीच्या, बारीक काळ्या. माउंट शुभ्र नको, किंचित मोतिया रंगाचा घ्या, म्हणजे जुन्या प्रिंटच्या पांढऱ्याशी जुळेल. दोन फ्रेममधलं अंतर दोन-अडीच इंच. भिंतीला हात लावण्याआधी वर्तमानपत्राचे कागद फ्रेमच्या मापाने कापून चिकटपट्टीने लावा आणि चार दिवस बघत राहा.

उंची : संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात. सोफ्याच्या वर लावताना सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत आठ-दहा इंच सोडा, नाहीतर टेकणाऱ्याचं डोकं लागतं.

एक गोष्ट मात्र वेगळी वाटते. फोटोत कोण आहे हे प्रत्येक पाहुण्याला कळायलाच हवं असं नाही. उजेड-अंधाराची रचनाच इतकी देखणी आहे की तेवढ्यावरही खोली उभी राहते. माझ्या एका ग्राहकाने जॅझ कधी ऐकलेलं नाही, पण जॅझचे छायाचित्रकार हर्मन लेनर्ड यांचा एक फोटो त्याच्या घरात अप्रतिम दिसतो.

खर्ज

झुंबरताई, मांडणीबद्दल शंभर टक्के सहमत. नावांबद्दल नाही. ओसरींना त्या सावल्या नको आहेत त्या नेमक्या याच कारणाने. डेक्स्टर गॉर्डनसारखा सॅक्सोफोनवादक नुसता 'सॅक्सोफोन घेतलेला देखणा माणूस' झाला, तर दुकानातल्या कॅनव्हासमध्ये आणि त्याच्यात उरलं काय? फक्त फोटो जास्त चांगला.

या माणसांच्या बाबतीत मला हे जास्तच लागतं. क्लबच्या मंचावर टाळ्या घेणाऱ्यांना त्याच शहरात कितीतरी दारं बंद होती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला ऑगस्ट १९५९ मध्ये बर्डलँड क्लबच्या बाहेर पोलिसांनी डोकं फुटेस्तोवर मारलं. आत त्याचाच कार्यक्रम चालू होता, बाहेर त्याच्याच नावाची पाटी होती. अशा माणसाला भिंतीवर बिननावाचं ठेवू नये.

धारवाडी_पेढा

धागा छान चाललाय, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातलं घर, तबला वाजवणारा नवरा आणि भिंतीवर न्यूयॉर्क? भीमसेनजी, मल्लिकार्जुनअण्णा, कुमारजी यांचे काय कमी फोटो आहेत? डोळे मिटलेले, हात उंचावलेला, तंबोरे मागे. सवाईच्या मंडपाबाहेर दरवर्षी फोटोंचं प्रदर्शन असतं, तिथे उभं राहिलं की पाय निघत नाही.

ओसरी

पेढेकाका, अण्णांचा फोटो नवऱ्याच्या रियाजाच्या खोलीत आधीच लागलाय, अगदी तंबोऱ्याशेजारी. 🙂 बैठकीची भिंत माझ्या वाट्याला आली आहे!

धारवाडी_पेढा

मग माझी हरकत मागे. लावा डिझीला खुशाल.

खर्ज

तबल्यावरून आठवलं. उस्ताद अल्लारखाँ आणि ड्रमर बडी रिच यांनी १९६८ मध्ये एकत्र एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) केली होती. तुमच्या यजमानांना ऐकवा. भिंत आणि रियाजाची खोली यांच्यामधलं दार आपोआप उघडं राहील.

नाचणी

माझी शंका वेगळीच आहे. घरात सातवीतला मुलगा आहे. यातल्या निम्म्या फोटोंत सिगारेट आहे, आणि ती इतकी सुंदर दिसते की जाहिरात वाटावी. हर्मन लेनर्डचे फोटो पाहिले आत्ता. सगळीकडे धूरच धूर. बैठकीत रोज डोळ्यांसमोर हे असावं का? मी कर्मठ वगैरे नाही, पण आई म्हणून प्रश्न पडतोच.

रीळ_३५

रास्त प्रश्न. तो धूर एवढा का दिसतो ते सांगतो, त्यातून निवडही सोपी होईल.

लेनर्ड दोन फ्लॅशदिवे वापरायचा. एक पुढच्या बाजूने, दुसरा कलाकाराच्या मागे. मागच्या दिव्याने टोपीची कड, खांदा, सॅक्सोफोनची वळणं उजळून निघतात आणि हवेतला धूरही पेटतो. समोरून उजेड टाकला असता तर धूर जवळजवळ दिसलाच नसता. डेक्स्टर गॉर्डनचा १९४८ चा रॉयल रूस्ट क्लबमधला फोटो बघा. सॅक्सोफोन मांडीवर, हातात सिगारेट, नजर वर कुठेतरी. धुराचा लोट त्याच्या चेहऱ्याइतकीच जागा व्यापतो. त्या काळचे क्लब असेच होते, त्यामुळे तो फोटो खोटा नाही. पण मुलाच्या रोजच्या नजरेसमोर नको वाटत असेल तर तेही बरोबर.

पर्याय भरपूर आहेत. गॉटलीबने पियानोवादक, बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा १९४६ मध्ये पॅरामाउंट थिएटरच्या ड्रेसिंगरूममध्ये आरशातला फोटो काढलाय, फार सुंदर आहे. आणि गायिका बिली हॉलिडेचा तिच्या कुत्र्यासोबतचा. कुत्र्याचं नाव 'मिस्टर'. मुलं त्या फोटोपुढे थांबतातच.

नाचणी

'मिस्टर' नक्की! मुलाला दाखवला, आता तो त्याच्या खोलीत लावायचा म्हणतोय. ओसरीची भिंत राहिली बाजूला.

पागोळी

रत्नागिरीहून लिहितेय. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे वाचल्याशिवाय एकही फ्रेम करू नये.

आमच्याकडे जूनपासून भिंती ओल धरतात. फ्रेम भिंतीला चिकटून बसली की मागच्या बाजूने ओल चढते आणि ऑगस्टपर्यंत माउंटवर पिवळे ठिपके उमटतात. ती बुरशी असते. त्याहून वाईट म्हणजे फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर काचेच्या आत दमटपणा धरून प्रिंटचा पृष्ठभाग काचेला चिकटतो. मग सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो.

म्हणून : माउंट हवाच, म्हणजे काच आणि फोटो यांच्यात अंतर राहतं. माउंटबोर्ड आम्लमुक्त मागा, तो नसेल तर कापलेली आतली कड काही वर्षांत तपकिरी पडते. फ्रेमच्या मागच्या बाजूला चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे बुटके तुकडे लावा, हवा खेळती राहते. पाठ कागदी चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, नाहीतर कसर शिरते. आणि पावसाचा मारा ज्या बाहेरच्या भिंतीवर येतो तिच्यावर काहीच टांगू नका, कितीही मोकळी दिसली तरी.

पुण्याला एवढा त्रास नाही, पण भिंतीमागे न्हाणीघर असेल तर तिथेही हेच.

ओसरी

पागोळी, किती उपयोगाचं लिहिलंस! आमची ती भिंत आतलीच आहे, पलीकडे झोपायची खोली. पण समोर मोठी खिडकी आहे, पश्चिमेची.

झुंबर

मग काचेत खिडकीच दिसेल, एला नाही. प्रतिबिंबरोधक काच मिळते, महाग असते. सगळ्यांना परवडत नसेल तर निदान मोठ्या फोटोला घ्या. आणि संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पडत असेल तर पडदा हवाच. चांगला पिगमेंट प्रिंटसुद्धा रोजच्या उन्हात ठेवायचा नसतो. मोठ्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर वजन खूप कमी होतं. फक्त कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात.

इडलिंबू

न्यू जर्सीतून हजेरी. इथे राहून या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

तुम्ही सगळे न्यूयॉर्कचं बोलताय, पण जॅझच्या कितीतरी उत्तम रेकॉर्ड नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला झाल्या. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा आणि फावल्या वेळात हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला, उंच लाकडी छताचा. ब्लू नोट कंपनीची रेकॉर्डिंग आधी त्या दिवाणखान्यात आणि मग या स्टुडिओत व्हायची.

आणि ती चालू असताना कंपनीचा एक भागीदार कॅमेरा घेऊन फिरत असायचा. फ्रान्सिस वुल्फ. बर्लिनचा ज्यू, व्यवसायाने छायाचित्रकार. १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला बालमित्र आल्फ्रेड लायनकडे आला. लायनने त्याच वर्षी ब्लू नोट सुरू केली होती. पुढची जवळजवळ तीस वर्षं वुल्फने त्या सत्रांचे फोटो काढले. गॉटलीब आणि लेनर्डचे फोटो बहुतेक क्लबातले. वुल्फचे फोटो कामाच्या जागेतले. कुणी दोन टेकच्या (ध्वनिमुद्रणाच्या फेऱ्यांच्या) मधल्या वेळात टेकून बसलाय, कुणी स्वरलिपीच्या कागदावर वाकलाय, कुणी दुसऱ्याचं वाजवणं ऐकतोय. ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते पाहायचं असेल तर वुल्फ बघा.

हेच फोटो रीड माइल्स या डिझाइनरने कापून, रंगाची झाक देऊन एलपीच्या वेष्टनांवर वापरले. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा १९५७ च्या रेकॉर्डवरचा निळा चेहरा सगळ्यांनी पाहिला असेल. तो वुल्फचाच.

फक्त लक्षात ठेवा, वुल्फ आणि लेनर्डचे फोटो गॉटलीबसारखे मोकळे नाहीत, त्यांचे हक्क आहेत. इंटरनेटवरून उतरवून छापू नका. अधिकृत प्रिंट घ्या, नाहीतर सरळ एलपीचं वेष्टन फ्रेम करा.

गवाक्ष

वेष्टनाची कल्पना भारी. एलपीच्या मापाच्या चौकोनी फ्रेम मिळतात, बारा इंचांहून किंचित मोठ्या. मुंबईत असाल तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे चक्कर मारा. भाव करताना जॅझचं नाव काढू नका, किंमत लगेच चढते.

मांडवीकाठ

सगळे अमेरिकेत रमलात, आमच्या लोकांची आठवण कोणालाच नाही?

मुंबईच्या ताजमध्ये १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन कलाकार येऊन वाजवून गेले. त्यांच्या शेजारी बसून आणि त्यांच्यानंतर ती परंपरा ज्यांनी चालवली त्यांत बहुसंख्य गोंयकार. मिकी कोरियांचा बँड ताजमध्ये १९३९ पासून दोन दशकं वाजत होता. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. या लोकांचं स्वरलिपीचं शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत झालेलं. पोर्तुगीज अमदानीत तिथे पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाण्याची पद्धत) आणि व्हायोलिन शिकवायचे. मग हीच मंडळी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेटने काम केलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. मास्टर भगवानदादांच्या नाचामागे वाजतोय तो जॅझवालाच.

यांचे फोटो कुठल्या संग्रहालयात सहज मिळत नाहीत. ते आहेत घराघरांतल्या पेटाऱ्यांत. सुटाबुटातला बँड, मांडीवर वाद्यं, पुढे ड्रमवर बँडचं नाव. कुणाच्या घरी असतील त्यांनी स्कॅन करून ठेवा आणि मागे नावं लिहा. आजोबा असेपर्यंत सगळे चेहरे ओळखू येतात, पुढच्या पिढीला नाही.

इडलिंबू

मांडवीकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. पेटाऱ्यातले फोटो स्कॅन करणाऱ्यांनी ६०० ठिपक्यांवर करा आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या चिकट अल्बममधून बाहेर काढून ठेवा. पानाचा गोंद फोटोला धरतो.

पागोळी

अवांतर : बँडच्या ड्रमवर नाव रंगवायची पद्धत आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये अजून आहे. 😀 चालू द्या.

खर्ज

गटफोटोंचा विषय निघालाच आहे तर एका फोटोचं नाव घ्यायलाच हवं. १२ ऑगस्ट १९५८, हार्लेम, पूर्व १२६ वा रस्ता, सकाळची वेळ. आर्ट केन या तरुणाने 'एस्क्वायर' मासिकासाठी जॅझ कलाकारांना एका घराच्या पायऱ्यांवर जमवलं. रात्रभर वाजवणारी माणसं सकाळी दहाला येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. प्रसिद्ध झालेल्या फोटोत ५७ कलाकार आहेत. बँडप्रमुख काउंट बेसी उभं राहून दमला आणि फुटपाथच्या कडेला बसला, तर मोहल्ल्यातली पोरं त्याच्या शेजारी ओळीने बसली. मेरी लू विल्यम्स आणि मेरियन मॅकपार्टलंड या पियानोवादक एकमेकींशी बोलण्यात गुंग. एका बाजूला डिझी आपल्या जुन्या मित्राला, रॉय एल्ड्रिजला जीभ दाखवतोय.

त्यातला सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पवईच्या आश्रमात योग शिकायला येऊन राहिला आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला. त्यावेळी ऐकलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

या फोटोचे हक्क राखीव आहेत, पण अधिकृत पोस्टर मिळतं. मोठा हवा. छोट्या मापात चेहरे दिसत नाहीत आणि चेहऱ्यांशिवाय त्यात काही नाही.

रीळ_३५

त्या सकाळी बासवादक मिल्ट हिंटनही स्वतःचा कॅमेरा घेऊन आला होता. हिंटन आयुष्यभर सहकाऱ्यांचे फोटो काढत राहिला. बसमध्ये झोपलेले, स्टेशनवर वाट बघणारे. १९४० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दौऱ्यावर त्याने अटलांटा स्टेशनवर कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या दारावरच्या पाटीखाली उभ्या असलेल्या सोबत्यांचा फोटो काढलाय. सूट, टाय, चकचकीत बूट, आणि डोक्यावर ती पाटी. शोभेसाठी नाही सुचवत. ज्याला ही माणसं समजून घ्यायची आहेत त्याने तो एकदा पाहावाच.

ओसरी

दोन दिवस हेच वाचतेय आणि ऐकतेय. बिली हॉलिडेबद्दल विचारायचं होतं. गॉटलीबचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, मान मागे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. सगळ्यात मोठा तोच लावावा असं पहिल्यापासून मनात होतं. पण तिच्याबद्दल जसजसं वाचत गेले तसं वाटायला लागलं की तिचं दुःख आपण सोफ्यामागे शोभेला लावतोय का?

खर्ज

तो फोटो फेब्रुवारी १९४७ चा, डाउनबीट क्लबमधला. मे महिन्यात तिला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक झाली आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात पाठवलं. सुटल्यावर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉल भरलं, पण क्लबात गाण्यासाठी लागणारं परवानापत्र तिला परत मिळालं नाही. म्हणजे दारू विकली जाते अशा न्यूयॉर्कच्या कुठल्याही क्लबात तिला गाता येईना. तिचं सगळं आयुष्य ज्या छोट्या खोल्यांत गेलं, त्यांतूनच ती हद्दपार झाली.

पण ओसरी, तुम्ही म्हणताय त्या फोटोत ती रडत नाहीये. ती काम करतेय, आणि त्या कामात तिच्या तोडीचं त्या शहरात कुणी नव्हतं. गॉटलीबने तिला गाताना पकडलंय, पडताना नाही. मी तर म्हणेन, लावाच. आणि मोठाच लावा.

झुंबर

मीही पुन्हा विचार केला. नावांबद्दल खर्ज म्हणतात ते पटतंय, निदान या फोटोच्या बाबतीत. एक व्यवहार्य मार्ग सांगते. माउंटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, मऊ पेन्सिलने बारीक अक्षरांत नाव, जागा, महिना-वर्ष आणि छायाचित्रकार लिहायचं. लांबून दिसत नाही, रचनेला धक्का लागत नाही, जवळ येणारा वाचतो. शाईचं पेन नको, पसरतं.

गवाक्ष

तारखांची गंमत सांगतो. डिझी गिलेस्पीच्या ट्रम्पेटचं तोंड वर वाकलेलं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते जानेवारी १९५३ मध्ये पार्टीत कुणीतरी त्यावर पडल्यामुळे वाकलं. त्याला तो आवाज आवडला आणि मग त्याने तसंच बनवून घेतलं. त्यामुळे फोटोतलं ट्रम्पेट सरळ असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. मी जुने फोटो विकणाऱ्यांना हेच विचारत असतो.

नाचणी

हे आवडलं! मुलाला गृहपाठ मिळाला.

पागोळी

लेनर्डबद्दल कुणीतरी वर लिहिलंय. त्याचं न्यू ऑर्लीन्समधलं घर २००५ च्या कतरिना वादळात बुडालं आणि हजारो प्रिंट गेले, असं वाचलं. निगेटिव्ह मात्र आधीच तिथल्या ऑग्डेन संग्रहालयाच्या तिजोरीत हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. माझा ओलीबद्दलचा धोशा का असतो ते कळलं असेल आता. फाइली दोन ठिकाणी ठेवा गं बायांनो.

धारवाडी_पेढा

सिगारेट नको, माणूस नको, तरी जॅझ हवं असणाऱ्यांसाठी लेनर्डचाच एक फोटो मुलीने दाखवला. लेस्टर यंगची टोपी, १९५६. वाद्याच्या पेटीवर नुसती पसरट टोपी आणि कोकची बाटली. माणूस कुठेच नाही, तरी तो आहे. मला जॅझ कळत नाही पण हा फोटो कळला.

नाचणी

काका, नीट बघा. बाटलीवर सिगारेट आहे!

धारवाडी_पेढा

अरेच्चा, आहे खरी. धूरही निघतोय. पण टोपी सुंदरच आहे.

ओसरी

मंडळी, सगळ्यांचे खूप खूप आभार. कागद कापून भिंतीवर लावून पाहिले आणि निवड बरीचशी झाली.

डावीकडून सुमारे एक तृतीयांशावर बिली, सर्वांत मोठी. तिच्या उजवीकडे एला-डिझी-रे ब्राउन, अख्खा, बास न कापता. खाली आरशातला ड्यूक एलिंग्टन आणि मिंटन्स प्लेहाऊस क्लबमध्ये पियानोवर बसलेला थेलोनियस मंक, दोन्ही गॉटलीबचे. आणखी एक माझा मीच शोधला : ऑगस्ट १९४७, मेरी लू विल्यम्सच्या हार्लेममधल्या घरातली मैफल. टॅड डॅमरन, हँक जोन्स, जॅक टीगार्डन, डिझी, सगळे तिच्या घरी जमलेत. तिच्या घरी तरुण कलाकार असे रात्री-अपरात्री यायचे, नव्या चाली ऐकवायचे. बाई कसलेली पियानोवादक आणि संगीतरचनाकार, तरी त्या काळच्या गप्पांत तिचं नाव मागे पडतं. बैठकीत लावायला याहून योग्य फोटो मला सापडला नसता.

वुल्फचं एक वेष्टन चौकोनी फ्रेममध्ये येईल. एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलीये. मांडवीकाठ, नवऱ्याच्या आत्याचे सासरे म्हापशाचे, चाळीसच्या दशकात मुंबईत व्हायोलिन वाजवायचे असं ऐकून आहोत. आत्याबाईंना फोन केलाय. पेटारा माळ्यावर आहे म्हणतात.

मांडवीकाठ

दिवाळीपर्यंत थांबू नका. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पेटारा उघडा, चिकटलेले फोटो ओढून काढू नका आणि जमलं तर आत्याबाईंना समोर बसवून नावं विचारत विचारत मागे पेन्सिलने लिहून घ्या. वाद्यं दिसत असतील तर बँडचं नाव ओळखायला मी मदत करतो.

रीळ_३५

आणि व्हायोलिनवाल्यांचा फोटो फिका पडला असेल तरी संगणकावर कडक काळा-पांढरा करू नका. आहे त्या छटा राहू द्या, फक्त धूळ आणि चरे काढा. छापताना मात्र बिलीच्याच कागदावर छापा.

ओसरी

नक्की. एक शेवटचा प्रश्न, झुंबर : भिंत ड्रायवॉलची नाही, विटांचीच आहे. बिलीची फ्रेम काचेसकट बरीच जड होईल. एक हूक पुरेल?

झुंबर

दोन घ्या, फ्रेमच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शावर एकेक. ड्रिल करून प्लग आणि स्क्रू, खिळा नको. दोन हुकांमुळे फ्रेम तिरकीही होत नाही, झाडताना धक्का लागला तरी. लेव्हल लावून मगच भोकं पाडा, आणि सुतारबुवांना सांगा की आधी बिली, मग बाकीचे.